एका थपडेचे दहापैकी नऊ गुण

मागच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षांच्या दिवसांत सोलापुरातल्या एका महाविद्यालयातून मला बोलावणं आलं. जनसंज्ञापन शिकणाऱ्या मुलामुलींनी चार गट करून चार टी.व्ही. मालिकांचे ट्रेलर तयार केले होते. मालिका अर्थातच अस्तित्वात नव्हत्या. कथा कल्पायची, पात्रं ठरवायची, त्या न झालेल्या मालिकेची दोन-अडीच मिनिटांची झलक मोबाईलवर चित्रित करायची आणि मग आपल्याच कामाचं लेखी मूल्यमापन करायचं, असा तो अभ्यासक्रमाचा भाग. तपासायला बाहेरचे दोन परीक्षक हवे होते. एक कॅमेऱ्याचे जाणकार आणि दुसरी 'सामाजिक आशय' पाहण्यासाठी मी. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही. पण मुलं काय दाखवतात हे पाहण्याची उत्सुकता होती, म्हणून गेले.

गुणांचा कागद हातात आला. छायाचित्रण दहा, संकलन दहा, ध्वनी दहा, अभिनय दहा, लेखी मूल्यमापन दहा; एकूण पन्नास. ज्या सामाजिक आशयासाठी मला बोलावलं होतं त्याचा रकानाच त्यावर नव्हता. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, तो तुम्ही लेखी मूल्यमापनातच धरा." मी धरला. त्या वेळी मला त्यात फारसं वावगं वाटलं नाही, हे आधीच कबूल करते.

चारही ट्रेलरविषयी लिहीत नाही, दोनच सांगते.

पहिला एका मोठ्या घराचा. अंगणात तुळस, दारात रांगोळी, नवी सून काठापदराच्या साडीत. जेवणाच्या टेबलावर तिच्या हातून काहीतरी सांडतं. सासू उठते आणि सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारते. ती थप्पड तीन वेळा दिसते. एकदा समोरून, एकदा बाजूने, एकदा अगदी जवळून. दर वेळी विजेचा कडकडाट. मग सुनेच्या डोळ्यांतून एक अश्रू, आणि मागून भारदस्त आवाजात प्रश्न : ती हे सारं सहन करेल का?

खोलीत टाळ्या पडल्या. "अगदी टी.व्ही.वर लागतं तसंच!" असं शिक्षक म्हणाले, जाणकार परीक्षक म्हणाले, आणि मीही मान डोलावली. या गटाला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. सुनेचं काम करणाऱ्या मुलीला अभिनयासाठी मी दहापैकी नऊ दिले आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं : नैसर्गिक.

दुसरा ट्रेलर विडी वळणाऱ्या आईच्या मुलीचा. मुलीला नर्स व्हायचंय, घरात सोळाव्या वर्षी लग्न ठरवायचं चाललंय. या मुलांनी खरोखरच्या वस्तीत जाऊन चित्रण केलं होतं. मागे यंत्रमागाची खडखड सतत ऐकू येत होती आणि पात्रं घरात बोलतात तशी, मध्येच तेलुगू मिसळलेली मराठी बोलत होती. ध्वनीत त्यांचे गुण कापले गेले. "भाषा प्रमाण नाही" असाही एक शेरा पडला. मला मात्र तो ट्रेलर आवडला. त्यात आशय होता, बालविवाहाचा प्रश्न होता, गरीब आईचे अश्रू होते. माझ्या हातातल्या रकान्यात मी भरघोस गुण दिले आणि सही केली.

हे इथेच संपलं असतं. पण मुलांचे लेखी अहवाल वाचताना एक गोष्ट खटकली. 'प्रेक्षकांचा प्रतिसाद' या मथळ्याखाली चारही गटांनी एकच केलं होतं : वर्गातल्या मित्रमैत्रिणींना व्हॉट्सॲपवर ट्रेलर पाठवून किती जणांना आवडला ते मोजलं होतं. संध्याकाळी सातपासून मालिका लावून बसणारी बाई त्या प्रतिसादात कुठेच नव्हती. म्हणून मी शिक्षकांना विचारलं, मुलांची परवानगी घेतली आणि एका दुपारी हे ट्रेलर आमच्या बैठकीत नेले. प्रत्येक गटातली दोन-दोन मुलंही सोबत आली.

ही बैठक कुंभारीच्या विडी घरकुलात भरते. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचं तर, हे घरकुल म्हणजे विडी कामगार स्त्रियांनी संघटनेच्या बळावर, वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेली दहा हजार घरांची वसाहत. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं नाव तिला दिलेलं आहे. 2006 साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. घरं बाईच्या नावावर असावीत हा या लढ्याचा आग्रह होता. तेव्हा या बायांना 'बिचाऱ्या प्रेक्षक' समजून कोणी त्यांच्याकडे जाऊ नये.

बायका आल्या त्या सूप, पानं, तंबाखू घेऊनच. दिवसाला हजारभर विड्या वळायच्या तर हात थांबवून चालत नाही. टी.व्ही.सुद्धा त्या अशाच बघतात. बघतात म्हणणंही खरं नाही. एक मावशी म्हणाल्या, "आम्ही सीरियल ऐकतो. डोळं पानावर असत्यात. ढण्ण आवाज झाला की तेवढी मान वर करायची."

मला त्या वाक्याने थबकायला झालं. प्रोमोत वीज का कडाडते याचं इतकं सोपं उत्तर मला कोणत्या पुस्तकात मिळालं नव्हतं. कामात बुडालेल्या बाईने मान वर करावी म्हणून तो आवाज असतो. आणि मान वर केली की काय दिसतं? दुसऱ्या बाईच्या गालावर पडलेली थप्पड.

पहिला ट्रेलर लावला. मी वाट पाहत होते की आता चर्चा सुरू होईल : सासू, सून, हुंडा, स्त्रीच स्त्रीची शत्रू का, वगैरे. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग कोपऱ्यातल्या एकीने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावला. ती म्हणाली, "पयल्यांदा मारलं तवा पोरीचं डोळं उघडं हायत. दुसऱ्यांदा हात यायच्या आधीच मिटल्यात. तिसऱ्यांदा बी. मार ठावं असलेली बाईच असं आधी डोळं मिटती. हिला खरंच मारलं का वं?"

ती मुलगी तिथेच बसली होती. तिने मान खाली घातली आणि हसल्यासारखं करून म्हणाली, "हो. खोटं मारलं तर खोटंच दिसत होतं."

"किती येळा?"

"सात."

मैत्रिणींनो, हे गणित किती साधं होतं! गटाकडे मोबाईल एकच. तीन कोनांतून थप्पड दिसते, म्हणजे ती निदान तीन वेळा तरी मारली गेली असणार. खोलीत तीन सुशिक्षित माणसं गुणांचे कागद घेऊन बसली होती. एकालाही हे सुचलं नाही. ज्यांना कॅमेरा कळतो त्यांना नाही, आणि जिला बाईचं दुःख कळतं असं समजून बोलावलं होतं त्या मलाही नाही. त्या मिटलेल्या डोळ्यांना मी 'नैसर्गिक अभिनय' म्हटलं आणि नऊ गुण दिले.

नंतर मुलांशी बोलले तेव्हा कळलं, की कोणी दुष्टपणाने काही केलेलं नव्हतं. दिग्दर्शन करणाऱ्या मुलाला 'रिअल' हवं होतं. सासू झालेली मुलगी तिची जवळची मैत्रीण. चौथ्या वेळेनंतर तीच रडायला लागली होती. आणि जिला मार बसला ती मुलगी म्हणाली, "मीच म्हटलं, मार. माझ्यामुळे ग्रुपचे मार्क जायला नकोत."

सल्ला केंद्रात बसल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! फक्त शब्द थोडे निराळे असतात. 'माझ्यामुळे घर मोडायला नको.' 'माझ्यामुळे पोरांचं नुकसान नको.' वीस वर्षांची शिकलेली मुलगी वर्गातल्या प्रकल्पासाठी तेच बोलत होती, आणि त्या बोलण्याला परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण मिळाले होते. सोशिकपणा असा शिकवला जातो. पाठ्यपुस्तकात तो धडा नसतो. गुणांच्या कागदावर असतो.

मग दुसरा ट्रेलर लावला. मी मनात म्हटलं, हा तरी यांना आवडेल. मागाची खडखड सुरू होताच दोघी-तिघी हसल्या, "हा आवाज आपला हाय की!" ज्या आवाजासाठी मुलांचे गुण कापले होते त्या आवाजाने या बायकांना घरात घेतलं. भाषेलाही कोणी नावं ठेवली नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 2016 साली आला तेव्हा करमाळ्याकडची बोली आणि अकलूजची रिंकू राजगुरू साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तरीही सोलापूरच्या वर्गात सोलापूरची बोली ही चूक ठरते, याला काय म्हणावं?

पण पुढे बायकांनी त्या ट्रेलरचीही खरडपट्टी काढली. "पान अशी कात्री धरून कापत न्हाईत." "सूप मांडीवर घ्यायचं, भुईवर न्हाई." कारखान्यात विडी देताना एकेक जुडी तपासली जाते आणि खराब विड्या बाजूला काढतात. तसंच त्या एकेक दृश्य बाजूला काढत होत्या. शेवटी एकीने मुद्द्यावर बोट ठेवलं : "आई नुसती रडती. सुरवातीपासून शेवटपर्यंत रडती. रडत बसलं तर हजार विड्या व्हायच्या कवा? आन् पोरीचं लगीन करायचं का न्हाई ह्यात आमी काय बोलत न्हाई व्हय? तिला एक बी वाक्य दिलं न्हाई."

तिला एकही वाक्य दिलेलं नव्हतं, हे खरंच. मी पुन्हा पाहिला. अडीच मिनिटांत वडील बोलतात, मामा बोलतो, शाळेतले गुरुजी बोलतात, मुलगी एकदा बोलते. आई फक्त डोळे पुसते. ज्या बाईच्या कमाईवर ते घर चाललेलं दाखवलं आहे, तिला तोंडच नाही. आणि मी, स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणारी, तिच्या अश्रूंना 'आशय' समजून गुण देऊन मोकळी झाले होते. पहिल्या ट्रेलरमधली श्रीमंत घरची सून मुकाट मार खाते आणि दुसऱ्यातली गरीब आई मुकाट रडते. दोघींत फरक तो काय राहिला?

पडद्यावर जे दाखवावं तेच प्रेक्षकाने घ्यावं असं होत नाही, हे काही नवीन नाही. 7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली आणि 17 डिसेंबर 1985 पर्यंत चालली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी 1970 च्या दशकात प्रौढ साक्षरता, कुटुंबनियोजन अशा विषयांवर लोकप्रिय मालिका करून दाखवल्या होत्या. त्या धर्तीवर आपल्याकडचा हा पहिला मोठा प्रयोग. मनोहर श्याम जोशी यांचं लेखन, आणि भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलायचे. त्यातली भागवंती ही सगळं निमूट सोसणारी आई. तिच्याकडे पाहून बायकांना वाटावं, की आपण असं राहता कामा नये, ही करणाऱ्यांची कल्पना. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा दिसलं, की कितीतरी बायकांनी तिलाच आदर्श मानलं होतं! तिचं सोसणं त्यांना इशारा वाटला नाही, मोठेपणा वाटला. हे कळलं ते प्रेक्षकांना विचारल्यामुळे. नुसतं छायाचित्रण आणि संकलन तपासलं असतं तर कधीच कळलं नसतं.

आणि ही मालिका नावाची चीज मुळात बाईसाठीच जन्मली. 1930 च्या दशकात अमेरिकेत दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांसाठी रेडिओवर रोजच्या कथा सुरू झाल्या. त्यांना पैसा पुरवला साबणाच्या कंपन्यांनी, म्हणून त्यांचं नावच 'सोप ऑपेरा' पडलं. बाईचे कान हवेत, कारण साबण बाई विकत घेते, असा हा हिशेब. आजही तो बदललेला नाही. 2015 पासून बार्क नावाची संस्था दर आठवड्याला कोणती वाहिनी किती पाहिली गेली याचे आकडे देते आणि त्या आकड्यांवर जाहिरातींचा भाव ठरतो. प्रोमो हे त्या बाजारातलं आरोळी ठोकणं आहे.

म्हणूनच मला प्रोमो मालिकेपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. मालिकेत निदान मागचंपुढचं असतं. थप्पड खाल्लेली सून दहा भागांनंतर उलट उत्तर देते, नोकरी धरते, कधी घरही सोडते. प्रोमोत तेवढी थप्पडच उरते, तिला ना मागचं कारण ना पुढचा परिणाम. आणि ती दिवसभर, दुसऱ्याच मालिकेच्या मध्ये, जेवणाच्या वेळी, पोरांच्या देखत पुन्हा पुन्हा वाजत राहते. मालिका न पाहणाऱ्या बाईलाही प्रोमो चुकत नाही. 'ती सहन करेल का?' हा प्रश्न ऐकता ऐकता बाईपुढे तेवढा एकच प्रश्न आहे असं वाटू लागतं. मारणाऱ्याचं काय होईल, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वास्तविक कायद्याने तो केव्हाच विचारला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात थप्पड ही हिंसा आहेच, सगळ्यांसमोरचा अपमान हीदेखील हिंसा आहे. प्रोमोतलं दुसरं आवडतं दृश्य म्हणजे सुनेला भर पावसात घराबाहेर काढणं. बॅग, बंद होणारं दार, विजेचा कडकडाट. याच कायद्याच्या 17 व्या कलमाने बाईला राहत्या सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, 181 या क्रमांकावर फोन करता येतो. आमच्या केंद्रात येणाऱ्या दहातल्या निम्म्या बायकांना हे ठाऊक नसतं. "घर त्यांचं आहे, काढलं तर निघावंच लागणार," असं त्या म्हणतात. ही समजूत आली कुठून? सगळीच टी.व्ही.वरून आली असं मी म्हणणार नाही. पण ते बंद होणारं दार त्यांनी टी.व्ही.वर शेकडो वेळा पाहिलं आहे आणि संरक्षण अधिकारी एकदाही पाहिलेला नाही, हे मात्र खरं.

म्हणजे मालिका वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही. 1985 साली प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' गॅसवाल्यांशी, टॅक्सीवाल्यांशी भांडत होती आणि लोक रविवारी सकाळी तिची वाट पाहत. 1997 साली दूरदर्शनच्या मराठी वाहिनीवर आलेली 'दामिनी' ही पत्रकार होती. रोज लागणाऱ्या मराठी मालिकांची सुरुवात तिच्यापासून झाली. घरकुलातल्या बायकांनी स्वतः काढलेलं उदाहरण 'आई कुठे काय करते'चं. 2019 ते 2024 अशी पाच वर्षं ती चालली. "अरुंधतीनं नवऱ्याला सोडलं तवा माझी सासू बी म्हनली, बरं केलं," असं एकीने सांगितलं. सासूच्या तोंडून हे शब्द निघणं ही आमच्या चार शिबिरांची कमाई असते! तेव्हा बायका मालिकांच्या नादी लागल्या आहेत म्हणून नाकं मुरडणाऱ्या आपल्याच काही कार्यकर्त्यांशीही माझं भांडण आहे. या बायका पाहतात, निवडतात, टाकतात. त्यांना विचारत कोणी नाही, इतकंच.

आपल्या चळवळीने मात्र पूर्वी विचारलेलं आहे. स्त्रीमुक्ती संघटनेचं 'मुलगी झाली हो' 1983 पासून गावोगाव झालं, तेव्हा नाटक संपलं की बायका बोलायच्या आणि ते बोलणं नाटकाइतकंच महत्त्वाचं मानलं जायचं. वर्गातल्या मुलांना मूल्यमापन शिकवायचं तर याहून चांगला धडा कोणता?

म्हणून माझी सूचना अशी. जनसंज्ञापनाचे वर्ग आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांतली मुलं उद्या वाहिन्यांमध्ये जातील, आणि जी जाणार नाहीत ती मोबाईलवर स्वतःच काहीबाही करतील. त्यांच्या गुणांच्या कागदावर आणखी एक दहा गुणांचा रकाना हवा आणि त्यात हे प्रश्न हवेत :

१. या ट्रेलरमध्ये बोलतं कोण आणि गप्प कोण? जिच्यावर कथा आहे तिला किती वाक्यं आहेत?

२. हिंसा दाखवली असेल, तर मारणाऱ्याचं पुढे काय होतं याची काही खूण आहे का? की फक्त मार खाणारीच्या सहनशक्तीचं कौतुक आहे?

३. आवाज बंद करून पाहिलं तर काय उरतं? आणि न पाहता नुसतं ऐकलं तर काय कानावर पडतं?

४. चित्रीकरण करताना कोणाला इजा, धाक किंवा लाज वाटेल असं काही करावं लागलं का? नाही म्हणण्याची सोय होती का? नाही म्हटलं असतं तर गुण गेले असते का?

५. ज्यांचं जगणं दाखवलं त्यांना ट्रेलर दाखवला का? त्या काय म्हणाल्या? त्यानंतर काय बदललं?

चौथा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा असं मला आता वाटतं. सरकारी नियमांतही केबलवर स्त्रीची मानहानी करणारे कार्यक्रम दाखवू नयेत असं लिहिलेलं आहेच; पडद्यावर काय दिसावं याचे नियम असतात. पडद्यामागे काय घडलं हे मात्र ज्याने त्याने आपापल्या वर्गात विचारायचं असतं.

काही जण म्हणतील, "मॅडम, मुलांना कला शिकायची आहे, तुम्ही त्यात चळवळ आणता." शिक्षकांपैकी एकांनी मला हे सौम्य शब्दांत ऐकवलंही. त्यांना मी एवढंच म्हटलं, की थपडेच्या दृश्यात डोळे आधी मिटले ही चूक तंत्राचीही आहे. ज्या सुनेला पहिल्यांदा मार बसतोय ती डोळे आधी कशी मिटेल? ही चूक संकलनाच्या जाणकारांना दिसली नाही, विडी वळणाऱ्या बाईला दिसली. मग कला कोणाला जास्त कळली? ते हसले आणि म्हणाले, "हा मुद्दा बरोबर आहे." पुढच्या वर्षीच्या कागदाबद्दल मात्र त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.

त्या गटाने नंतर आपला ट्रेलर पुन्हा संकलित केला. कोणी सांगितलं नव्हतं आणि गुणही मिळणार नव्हते. थप्पड काढून टाकली. आता टेबलावर पाणी सांडतं, सासूचा हात वर जातो आणि सून तिच्याकडे डोळे उघडे ठेवून बघत राहते. हात तसाच वर राहतो. शेवटचा प्रश्नही बदलला आहे : आता या हाताचं काय होणार? दुसऱ्या गटाने आईला दोन वाक्यं दिली. ती वाक्यं घरकुलातल्या बायकांनीच सांगितली. तेलुगूत एक, मराठीत एक. दोन्ही ट्रेलर आम्ही पुन्हा बैठकीत दाखवले. कात्री धरायची पद्धत अजून चुकीचीच आहे, असं एकमताने ठरलं.

गुण मात्र बदलले नाहीत. कागद तेव्हाच विद्यापीठाकडे गेला होता. त्यावर त्या मुलीच्या अभिनयापुढे नऊ हा आकडा आहे, 'नैसर्गिक' हा शब्द आहे आणि त्याखाली माझी सही आहे. तुमच्यापैकी कोणाला असं परीक्षक म्हणून बोलावलं, तर सही करण्याआधी निदान एवढं विचारा : ही थप्पड किती वेळा मारली? आणि उत्तर मिळालं, तर आम्हालाही जरूर कळवा.